तेल घालण्याआधी

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेल्या अनेक घरांत, बहुधा गॅरेजमध्ये किंवा तळघरात, एक भक्कम टेबल असते आणि झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याची सगळी सामग्री त्यावर मांडलेली असते. काडतुसाच्या चार घटकांपैकी गोळी, दारू आणि ठिणगी देणारा प्रायमर एकदाच कामी येतात. पुंगळी मात्र नीट राखली तर पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि चौघांत महागही सहसा तीच असते. स्वतःच्या वापरापुरत्या पुंगळ्या भरायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, त्यामुळे या छंदाच्या अवजारांचा मोठा उद्योग तिथे उभा राहिला. कनेटिकटमधल्या मिडलटाउनची लायमन कंपनी १८७८ची, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये सुरू झालेली आरसीबीएस १९४३ची, नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची हॉर्नडी १९४९ची. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत, म्हणून ही अवजारे आपल्या घरांत दिसत नाहीत. शिवाय कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टूची काडतुसे लागतात. त्यांचा ठिणगी देणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती झाडल्यावर पुन्हा भरण्याजोगी उरत नाहीत. तरीही या टेबलावरच्या एका छोट्या विजेच्या यंत्राकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण यंत्रांच्या निगेबद्दलची एक सार्वत्रिक गैरसमजूत त्याच्यावरून फार स्पष्टपणे दाखवता येते. यंत्र आवाज करू लागले की त्याला तेल हवे आहे, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा त्याला आधी सफाई हवी असते, आणि घाणीवर घातलेले तेल दुरुस्तीऐवजी झीज वाढवते.

ज्या यंत्राबद्दल बोलतो आहे त्याला तिकडे केस प्रेप सेंटर म्हणतात. पुंगळी झाडताना फुगते, मग ती साच्यात दाबून मूळ मापात आणावी लागते आणि या ओढाताणीत तिची मान लांबते. वाढलेली लांबी कापावी लागते, कापल्यावर तोंडाच्या आतल्या-बाहेरच्या कडेला उभी राहिलेली बर, म्हणजे धातूची खरबरीत किनार, काढावी लागते, आणि बुडाशी प्रायमर बसतो त्या खळगीतली जळकी काजळी खरवडावी लागते. दहा-वीस पुंगळ्या हाताने करता येतात, पण शेकड्यांनी करायच्या तर मनगट भरून येते. म्हणून एका पेटीत एक मोटर, तिच्या वेगाला आवर घालणारी गिअरची रांग आणि पेटीच्या माथ्यावर बाहेर आलेले चार-सहा उभे स्पिंडल, अशी ही रचना. प्रत्येक स्पिंडलवर वेगळे पाते किंवा ब्रश लावलेला असतो आणि माणूस पुंगळी हातात धरून एकामागून एक प्रत्येकाला टेकवत जातो. आता यातला उभेपणा लक्षात घ्या. पाते वर, काम वर, आणि कापून निघालेला कीस खाली. काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पात्याच्या धारेवरून त्याची बारीक, वळलेली, सोनेरी चकाकणारी साल निघते. यातली मोठी साल टेबलावर पडते आणि दिसते. बारीक चुरा मात्र स्पिंडलच्या अंगाने खाली उतरतो आणि स्पिंडल पेटीत शिरतो तिथल्या चिंचोळ्या फटीपाशी जमा होतो. फिरता दांडा त्याला हळूहळू आत ओढतो. फटीच्या आत असते ते बुश, त्याच्याखाली गिअर, आणि गिअरवर चिकट ग्रीस. म्हणजे चुरा पकडून ठेवण्याची सगळी सोय आत तयारच असते. त्यात प्रायमरच्या खळगीतली काजळी मिसळते, आणि पुंगळ्या चकाकवण्यासाठी वापरलेल्या अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भुसाही पुंगळ्यांबरोबर येऊन झडतो. इतके सगळे आत गेलेले यंत्र वर्षा-दोन वर्षांनी खडखडू लागले तर त्यात नवल काय?

पण खडखडतेय एवढे म्हणून भागत नाही. आवाज कुठला, कशा तालाचा, आणि हात लावल्यावर बदलतो का, हे ऐकल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये. समजा, मोटरच्या शाफ्टवर १२ दात्यांचे छोटे गिअर आहे आणि ते मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि दात्यांच्या सेकंदाला ३०० गाठी. निरोगी गिअरचा सूर असा एकसारखा असतो, त्याची पट्टी वेगावर ठरते. हे छोटे गिअर ६० दात्यांच्या मोठ्या गिअरला फिरवत असेल, तर मोठे सेकंदाला पाच फेरे घेईल. त्याच्या एखाद्या दात्यात पितळाची कपची रुतली, तर तुम्हाला सेकंदाला बरोबर पाच टकटक ऐकू येतील. म्हणजे केवळ ताल मोजून दोष कुठल्या चाकात आहे ते सांगता येते, यंत्र उघडण्याआधीच. एकाच स्पिंडलला पुंगळी टेकवली की कर्कश ओरड सुरू होते आणि बाकीच्यांना टेकवल्यावर होत नाही, तर कोरडे पडलेले बुश त्या स्पिंडलचे आहे. रिकामे चालवतानाही घरघर असेल आणि वेगानुसार वाढत असेल, तर मोटरची बेअरिंग किंवा गिअर यांच्यावर संशय घ्यावा. आणि एक गुणगुण अशी असते जी कुठल्याच वंगणाने जात नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे एसी मोटरच्या पोलादी पट्ट्या चुंबकत्वाच्या ओढीने सेकंदाला १२० वेळा थरथरतात. आपल्याकडे तोच आकडा १००चा. हा सूर यंत्र नवे असतानाही होता आणि पुढेही राहणार. त्याच्यामागे लागून मोटरमध्ये तेल ओतणारी माणसे चांगली मोटर बिघडवतात. बराचसा आवाज तर यंत्राचा नसतोच. चार स्क्रूंपैकी एक सैल असेल किंवा खालचा एखादा रबरी पाय हरवला असेल, तर टेबलाची पोकळ फळीच घुमू लागते. यंत्र उचलून दुमडलेल्या जाड टॉवेलवर ठेवून क्षणभर चालवले की हा भाग वेगळा काढता येतो.

आता मुख्य मुद्दा. घाणीवर तेल घातल्याने नुकसान का होते, हे समजायला वंगण काम कसे करते ते पाहावे लागते, आणि त्यासाठी १८८३ सालच्या एका प्रयोगासारखे दुसरे उदाहरण नाही. ब्यूचँप टॉवर नावाचे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले होते. आस खालच्या बाजूने तेलात बुडवून फिरवला, तर तेल त्या भोकातून आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग तिथे दाबमापक लावला, तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपलीकडे गेला. फिरता आस स्वतःच तेल ओढून बेअरिंगखाली दाबत होता आणि बेअरिंग त्या दाबलेल्या तेलावर तरंगत होती. धातूला धातू टेकतच नव्हता. तीन वर्षांनी, १८८६मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या तेलाच्या पापुद्र्याचे गणित मांडले आणि वंगणाचे शास्त्र तिथून पुढे चालू लागले. हा पापुद्रा किती जाड असतो? काही मायक्रॉन. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. पितळाचा चुरा केसाच्या बरोबरीचा किंवा त्याहून जाड. तेलाने कितीही तरंगवायचे म्हटले तरी पापुद्र्याच्या कैकपट जाडीचा कण दोन्ही पृष्ठभागांना टेकणारच आणि दोन्हींवर ओरखडे काढणारच. त्यातही आपले यंत्र रेल्वेच्या आसासारखे मोठे आणि वेगवान नाही. रिखार्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२मध्ये दाखवून दिले की वेग कमी आणि दाब जास्त असेल तर पूर्ण पापुद्रा तयार होतच नाही, पृष्ठभाग अधूनमधून एकमेकांना घासत राहतात. मिनिटाला काहीशे फेऱ्यांनी फिरणारा बोटभर स्पिंडल, आणि त्यावर माणूस हाताने पुंगळी दाबतोय: हे नेमके त्याच प्रदेशात मोडते. पापुद्रा आधीच अपुरा, त्यात चुरा. अशा जागी नवे तेल गेले की ते जुन्या घट्ट ग्रीसमध्ये अडकून बसलेले कण मोकळे करते आणि वाहून नेमके दात्यांच्या गाठीत आणि बुशच्या फटीत पोहोचवते. गॅरेजवाले इंजिनाचा व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर बसवताना मुद्दाम असेच मिश्रण वापरतात. ग्रीसमध्ये कठीण भुकटी कालवलेली असते, तिला ग्राइंडिंग पेस्ट म्हणतात, आणि तिचे कामच धातू खाणे हे असते.

यावर जाणकार माणूस लगेच हरकत घेईल की पितळ तर मऊ, स्पिंडल पोलादी. मऊ पितळ पोलादाचे काय वाकडे करणार? हरकत अर्धी बरोबर आहे. शुद्ध पितळाचा कण पोलादाला सहसा कापत नाही. पण कातरून निघालेले पितळ मूळ पितळापेक्षा कडक झालेले असते, आणि आतली गिअर अनेकदा नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकची असतात, त्यांना ते सहज खुपते. दात्यांच्या मधल्या खाचेत चुरा दाबून बसला की समोरच्या दात्याला पुरते आत जायला जागा उरत नाही. दोन्ही शाफ्ट प्रत्येक गाठीला किंचित दूर ढकलले जातात, आणि हाच धक्का आपल्याला खडखडाट म्हणून ऐकू येतो. शिवाय आत एकटे पितळ नसते. पुंगळ्या चकाकवण्याच्या भुशाला पुष्कळदा सोनाराकडे असते तशी तांबडी पॉलिश, म्हणजे लोहाचा ऑक्साइड, चोळलेली असते. तिचा उपयोगच धातू घासण्यासाठी. प्रायमरच्या काजळीत शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांची कठीण संयुगे असतात. असे कठीण कण मऊ प्लास्टिकच्या दात्यात रुतून बसतात आणि मग प्लास्टिकचे गिअर कानशीसारखे होऊन समोरच्या पोलादी गिअरला झिजवते. मऊ भाग शाबूत आणि कठीण भाग झिजलेला, असे उलटे दृश्य दिसले की कारण बहुतेक हेच असते.

म्हणून उघडणे आले. उघडण्याआधी टेबलावरून दारू आणि प्रायमर दुसऱ्या खोलीत न्यावेत, आणि यंत्राची पिन सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवावी. पहिली गोष्ट स्वयंस्पष्ट वाटते, पण तिला दोन कारणे आहेत. ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात, आणि सफाईची द्रावणे पेटणारी असतात. दुसरे म्हणजे तेलाचा अंश प्रायमरला लागला तर तो निकामी होऊ शकतो, आणि ऐनवेळी न पेटणारे काडतूस हा साधा त्रास नसून धोका आहे. पुढे वंगण कमी घालण्याबद्दल मी जो आग्रह धरणार आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. प्रेशरच्या हवेने चुरा उडवण्याचा मोह टाळावा. त्याने दिसणारा चुरा जातो आणि न दिसणारा बेअरिंगमध्ये ठासला जातो. वर शिशाची धूळ खोलीभर होते. ओलसर फडके आणि मऊ ब्रश हेच खरे साधन. झाकण काढल्यावर गिअरची रांग जशी आहे तशी तिचा एक फोटो काढून ठेवावा, कारण वॉशर कुठल्या बाजूला होता हे अर्ध्या तासाने आठवत नाही. आणि मग थोडा वेळ नुसते पाहावे. जुन्या यंत्रात बहुधा असे दिसते: पेटीच्या भिंतींना पिवळट-काळे ग्रीस भरपूर लागलेले आहे, त्यात सोनेरी कण चमकताहेत, पण दात्यांच्या घासणाऱ्या बाजू मात्र कोरड्या आणि चकचकीत आहेत. पहिल्या काही तासांतच दात्यांनी ग्रीस बाजूला फेकलेले असते. त्यातले तेल हळूहळू झिरपून आणि हवेने विटून जाते, मागे मेणासारखा घट्ट साबण उरतो. आत ग्रीस पुष्कळ आहे म्हणजे वंगण आहे, हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

हे जुने ग्रीस लाकडी किंवा बांबूच्या काडीने दात्यादात्यातून काढावे. लोखंडी सुई प्लास्टिकवर ओरखडे काढते. उरलेल्यासाठी पोलादी भागांना मिनरल टर्पेंटाइन चालते. प्लास्टिकच्या भागांना सौम्य साबणाचे पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे, आणि ब्रेक क्लीनर किंवा अ‍ॅसिटोन जवळही आणू नये, कारण अनेक प्लास्टिके त्याने विरघळतात किंवा त्यांना केसासारख्या भेगा जातात. काचा पुसण्याच्या कित्येक द्रावणांत अमोनिया असतो, तोही या टेबलापासून लांब ठेवावा. याचा धडा हिंदुस्थानातच मिळाला आहे. ब्रिटिश अमदानीत लष्कराचा काडतुसांचा साठा पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवला जाई आणि पाऊस सरल्यावर पुंगळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या आढळत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि पुंगळी ओढून तयार करताना पितळात राहून गेलेला ताण, या तिघांच्या संगनमताने पितळ फुटत होते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१मध्ये हा उलगडा प्रसिद्ध केला, आणि पितळाच्या पुंगळ्या तयार झाल्यावर मंद भाजून त्यांच्यातला ताण काढण्याची पद्धत त्या ज्ञानावर उभी आहे. ज्या टेबलावर रोज पितळच हाताळले जाते, तिथे अमोनिया नको, याला यापेक्षा सबळ पुरावा काय हवा? सफाईत एक अपवाद मात्र काटेकोरपणे पाळायचा. स्पिंडलची बुश बहुधा तांबे-कथलाची भुकटी दाबून आणि भाजून बनवलेली, सच्छिद्र असतात. १९३०च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने मोटारगाड्यांसाठी ही कल्पना रूढ केली. आकारमानाच्या जवळजवळ पाचव्या भागाइतकी सूक्ष्म छिद्रे त्यांत असतात आणि ती कारखान्यातच तेलाने भरलेली असतात. दांडा फिरला, बुश तापले की तेल बाहेर येते. थांबले, थंड झाले की परत आत शोषले जाते. असे बुश द्रावणात बुडवले तर ते साठवलेले तेलही धुऊन जाते. ते फक्त तेलाने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे.

इथपर्यंत आले की वंगणाचे काम सोपे उरते, पण एकच डबा सगळीकडे फिरवून भागत नाही. सच्छिद्र बुशला ग्रीस लावू नये. ग्रीसमधला साबण छिद्रांची तोंडे बुजवतो आणि आतल्या तेलाची ये-जा बंद पाडतो. त्याला एसएई ३० जाडीचे, डिटर्जंट नसलेले साधे तेल लागते, दोन-तीन थेंब. ते रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वर राहिलेले पुसून टाकावे. गिअरला उलट तेल टिकत नाही, ते खाली निथळते. तिथे ग्रीसच हवे. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. अमेरिकेतल्या एनएलजीआय या संस्थेने त्याच्या घट्टपणाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. २५ अंश सेल्सियसला एक ठरावीक शंकू ग्रीसवर सोडतात आणि पाच सेकंदांत तो किती खोल रुततो ते मोजतात. २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर ग्रीस क्रमांक दोनचे. बाजारात सर्रास मिळते ते हेच, आणि अशा पेटीला ते चालते. प्लास्टिकची गिअर असतील तर डब्यावर प्लास्टिकला चालेल असे लिहिलेले कृत्रिम तेलाचे ग्रीस घ्यावे. ट्रकच्या डिफरन्शिअलमध्ये जाणारे तेल जास्त दमदार म्हणून इथे वापरू नये. त्यातली गंधकाची संयुगे पोलादी दात्यांना वाचवतात, पण त्यांतली काही तांब्याच्या मिश्रधातूंना खातात. प्रमाणाबद्दल माझे मत ठाम आहे: दात्यांच्या बाजूंवर ब्रशने चोळलेला पातळ थर पुरे, पेटी भरायची नाही. जादा ग्रीस घुसळले जाते, घुसळण्यात मोटरची ताकद खर्च होते, उष्णता वाढते, आणि फटीतून बाहेर आलेले ग्रीस पुढचा चुरा पकडायला तयार राहते. मोटरच्या ब्रशवर आणि कम्युटेटरवर तर थेंबही पडता कामा नये. तिथे कोळशाची भुकटी तेलात कालवली की वीज नको त्या वाटेने जाऊ लागते.

मग ते स्प्रेचे निळे-पिवळे डबे? दर दुसऱ्या घरात ते असतात आणि त्यांनी आवाज खरोखर थांबतो, असे लोक सांगतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तयार केलेले मिश्रण. नावातली पहिली दोन अक्षरे पाणी हटवण्याची आणि ४० हा साधलेल्या प्रयत्नाचा क्रमांक. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ कवचाला गंज चढू नये यासाठी ते होते. त्यात थोडे वंगणही असते, हे मान्य केले पाहिजे. पण मोठा भाग उडून जाणाऱ्या हलक्या द्रावणांचा असतो. पेटी न उघडता फटीतून ते मारले की जुने ग्रीस सैल पडते, क्षणभर सगळे ओले होते, आवाज थांबतो. काही दिवसांत द्रावण उडते, आणि सुटे झालेले कण व पातळ झालेले ग्रीस खाली वाहून गेलेले असते. लोकांचे निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. आवाज थांबणे आणि झीज थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी. घट्ट ग्रीस ठासून भरले तर तुटक्या दात्याचा आवाजही दबतो. म्हणून सफाई न करता मिळालेल्या शांततेवर विश्वास ठेवू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कित्येक उत्पादक म्हणतात की गिअरपेटी आयुष्यभरासाठी वंगण घालून बंद केलेली आहे, उघडू नका, हमी जाईल. हमीची मुदत चालू असेल तर त्यांचे ऐकावे, यंत्र त्यांच्याकडेच पाठवावे. पण आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर? तो शब्द गिअरपेटीत धूळ शिरत नाही असे धरून वापरलेला असतो, आणि ज्या यंत्राचा धंदाच चुरा पाडणे हा आहे, त्याच्या बाबतीत हे गृहीतक फार काळ टिकत नाही. सीलबंद बॉलबेअरिंगला मात्र हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो. तिचे कव्हर उचकटून ग्रीस भरण्यापेक्षा नवी बसवावी, ती महाग नसते. सफाईची वेळ कॅलेंडरवरून ठरवण्यातही अर्थ नाही. वर्षाला शंभर पुंगळ्या करणारा आणि महिन्याला हजार करणारा, दोघांना एकच तारीख कशी चालेल? यंत्र नवे असताना किंवा पहिल्या सफाईनंतर त्याचा रिकामा आवाज मोबाइलमध्ये टिपून ठेवावा आणि पुढचे आवाज त्याच्याशी ताडून पाहावेत. सरळ दात्यांची गिअर मुळातच तिरप्या दात्यांच्या गिअरपेक्षा जास्त बोलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या यंत्राशी तुलना करून उपयोग नसतो. दर बैठकीनंतर स्पिंडलच्या मुळाशी ब्रश फिरवला, तर पेटी उघडण्याची वेळ पुष्कळ लांबते.

काम उरकल्यावर फडकी, काड्या, हातमोजे आणि काढलेले ग्रीस पिशवीत बांधून शिशाच्या कचऱ्यासारखे वेगळे टाकावे, टेबल ओल्या फडक्याने पुसावे, हात साबणाने धुवावेत, आणि त्याआधी तोंडाला किंवा खाण्याला हात लावू नये. घरात लहान मूल असेल तर याबाबत हयगय करण्याची सोय नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२१मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, इतकी ती खाली आहे. यंत्र जोडून झाले की स्पिंडल आधी हाताने फिरवून पाहावेत. एखादा अडखळला तर वीज लावण्याऐवजी पुन्हा उघडावे. मग दहा मिनिटे रिकामे चालवून पेटीला तळहात लावावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त झाले आहे किंवा झाकणाचे स्क्रू इतके आवळले गेले आहेत की शाफ्ट वाकडे बसताहेत. थोडे सैल करून, समोरासमोरचे स्क्रू जोडीने आवळून पुन्हा चालवावे. एवढे करूनही ठरावीक तालाची टकटक तशीच राहिली, तर झिजलेले किंवा तुटलेले गिअर ते ज्याच्याशी जुळते त्याच्यासकट बदलावे, कारण झिजलेल्या जुन्या दात्यांशी गाठ पडली की नवे गिअरही लवकरच त्याच वळणावर झिजते.